विल्यम मॉरिस : हात, माग आणि मुद्रणालय

इ.स. 1851 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये काच आणि लोखंड यांच्या प्रचंड प्रासादात जगभरच्या उद्योगधंद्यांचे महाप्रदर्शन भरले. साऱ्या इंग्लंडचा ऊर त्या वेळी अभिमानाने भरून आला होता. परंतु आपल्या कुटुंबीयांसमवेत तेथे गेलेला सतरा वर्षांचा एक तरुण आत पाऊल टाकण्यास राजी नव्हता व तो बाहेरच बसून राहिला, अशी आख्यायिका त्याच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्या तरुणाच्या पुढील आयुष्याशी ती इतकी जुळणारी आहे की, ती टाकून देणे कोणालाही जमलेले नाही. तो तरुण म्हणजे विल्यम मॉरिस होय. यंत्राने घडविलेल्या, कोरीव कामाचा आव आणणाऱ्या, परंतु घडविणाऱ्याच्या हाताचा मागमूसही नसलेल्या वस्तूंविरुद्ध पुढची पंचेचाळीस वर्षे त्याने जे युद्ध मांडले, त्याचा पहिला हुंकार म्हणून या प्रसंगाकडे पाहता येते. गमतीची गोष्ट अशी की, त्याच प्रदर्शनातील हिंदुस्थानी विभागात मांडलेली वस्त्रे व गालिचे पाहून ओवेन जोन्ससारखे जाणकार थक्क झाले होते. रंगसंगती आणि नक्षी यांबाबत यंत्रयुगातील युरोपने हिंदुस्थानी विणकराकडे शिकावयास जावे, असा कबुलीजबाबच त्यांनी दिला होता.

मॉरिसचा जन्म 24 मार्च 1834 रोजी लंडनलगतच्या वॉल्थमस्टो या गावी झाला. वडील लंडनच्या हुंडी-बाजारातील दलाल. डेव्हनशायरमधील तांब्याच्या एका खाणीचे समभाग त्यांनी घेतले आणि अल्पावधीतच त्या समभागांचे मोल शेकडो पटींनी वाढले. घरात सुबत्ता नांदू लागली. एपिंगचे जुने अरण्य घरापासून हाकेच्या अंतरावर होते. त्यात तट्टावरून भटकावे, जुन्या चर्चमधील पितळी पत्रे न्याहाळावेत, जेरार्डच्या प्राचीन वनस्पतिकोशातील चित्रे तासन्‌तास पाहत बसावे, असे त्याचे बालपण होते. पुढे त्याच्या नक्षीतून जी झाडेझुडपे फुलली, त्यांची मुळे या दिवसांत शोधावी लागतात. इ.स. 1847 मध्ये वडील वारले, परंतु खाणीचे उत्पन्न चालू राहिले. वयाच्या एकविसाव्या वर्षी मॉरिसला सालीना सुमारे नऊशे पौंडांचे उत्पन्न मिळू लागले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. धनिकांच्या जगाचा तिटकारा असणाऱ्या या माणसाची पहिली स्वतंत्र पावले त्याच जगाच्या पैशावर पडली, ही गोष्ट त्याच्या चरित्रात प्रारंभीच नोंदवून ठेवली पाहिजे, कारण ती त्याला आयुष्यभर छळत राहिली.

इ.स. 1853 मध्ये तो धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात दाखल झाला. तेथे त्याला एडवर्ड बर्न-जोन्स हा जन्माचा सोबती लाभला आणि जॉन रस्किन या विचारवंताचा ग्रंथ हाती पडला. व्हेनिसच्या वास्तुशिल्पाविषयीच्या त्या ग्रंथातील गॉथिक शैलीवरील प्रकरणाने मॉरिसच्या मनाची मांडणीच बदलली. मध्ययुगीन मंदिराच्या दगडावर जी ओबडधोबड, वेडीवाकडी पण जिवंत आकृती दिसते, ती घडविणारा पाथरवट आपल्या बुद्धीने काम करीत होता. आधुनिक कारखान्यातील मजूर मात्र दुसऱ्याने आखून दिलेली निर्जीव रेघ गिरवतो. म्हणून वस्तूचे सौंदर्य आणि ती घडविणाऱ्याचे सुख या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हा रस्किनचा सिद्धांत. मॉरिसने तो आयुष्यभर उराशी बाळगला आणि रस्किनच्याही पुढे नेला. इ.स. 1855 च्या उन्हाळ्यात उत्तर फ्रान्समधील भव्य कॅथीड्रले पाहून परतताना या दोघा मित्रांनी धर्मोपदेशक होण्याचा बेत सोडून दिला. एकाने चित्रकार व्हावयाचे आणि दुसऱ्याने वास्तुविशारद, असे ठरले.

वास्तुविशारद जी. ई. स्ट्रीट यांच्या कचेरीतील मॉरिसची उमेदवारी वर्षभरही टिकली नाही. मात्र तेथे फिलिप वेब या थोर वास्तुकाराशी त्याची मैत्री जडली. रोझेटीच्या आग्रहाने त्याने चित्रकलाही हाती धरून पाहिली. इ.स. 1857 मध्ये ऑक्सफर्ड युनियनच्या सभागृहातील भिंती रंगविण्यास ही मंडळी सरसावली. भिंतीला अस्तर कसे द्यावे याचा कोणालाच पत्ता नव्हता. ओल्या विटांवर सरळ रंग चढविले गेले आणि काही वर्षांतच ती चित्रे विटून गेली. साहित्य व साधन यांची जात ओळखल्याविना हात घालू नये, हा धडा मॉरिसने या फजितीतून घेतला असावा. कारण पुढे कोणत्याही कामास हात घालण्यापूर्वी तो त्या धंद्याच्या तळाशी जाऊन बसे. याच मुक्कामात एका तबेल्यातील नोकराची मुलगी जेन बर्डन या मंडळींच्या दृष्टीस पडली. 26 एप्रिल 1859 रोजी मॉरिसने तिच्याशी विवाह केला.

नव्या संसारासाठी बेक्स्लीहीथ येथे वेबने तांबड्या विटांचे घर बांधून दिले. तेच पुढे प्रसिद्धीस आलेले रेड हाउस. घर झाले, पण त्यात मांडावे असे सामान लंडनच्या बाजारात मिळेना. खुर्च्या, पडदे, मेणबत्त्यांची झाडे, पेले, सारे मित्रांनी मिळून घरीच घडविले. जेनने जाड निळ्या कापडावर फुले भरली. बर्न-जोन्सने काचा व कपाटे रंगविली. या घरगुती उद्योगातूनच इ.स. 1861 मध्ये मॉरिस, मार्शल, फॉकनर आणि कंपनी ही संस्था उदयास आली. भिंतीचे कागद, रंगीत काचांच्या खिडक्या, भरतकाम, लाकडी सामान, फरशा अशी सारी कामे एका छपराखाली घेणारी ही कलावंतांची पेढी होती. तत्पूर्वी नामांकित चित्रकार पडद्याच्या कापडाची नक्षी काढण्यास कमीपणा मानीत. तो भेदच मॉरिसला मान्य नव्हता. थोर कला आणि सामान्य कला अशी फाळणी झाली की, पहिली मूठभरांचे खेळणे होते आणि दुसरी क्षुद्र होऊन बसते, अशी त्याची धारणा होती. घरात जी वस्तू उपयोगाची नाही आणि मनाला सुंदरही वाटत नाही, तिला जागाच देऊ नये, एवढा साधा नियम त्याने लोकांपुढे ठेवला.

भिंतीच्या कागदांसाठी त्याने स्वतः केलेल्या नक्षी पन्नासच्या आसपास भरतात. रेड हाउसच्या बागेतील जाळीवर चढलेला गुलाब ही त्यांतली आरंभीची एक. तीत गुलाब मॉरिसने रेखाटला, परंतु पक्ष्यांची आकृती आपल्याला साधत नाही म्हणून ते वेबकडून काढून घेतले. हे कागद इझलिंग्टन येथील जेफ्री आणि कंपनीच्या कारखान्यात लाकडी ठशांनी, हाताने छापले जात. प्रत्येक रंगाला निदान एक स्वतंत्र ठसा लागे. इ.स. 1875 मधील अकँथसच्या मोठ्या पानांच्या नक्षीला पंधरा रंग आणि तीस ठसे लागत. नक्षीविषयी त्याचे विचार स्पष्ट होते. भिंतीवर हुबेहूब फुलांचा गुच्छ चिकटविणे त्याला खोटेपणाचे वाटे, आणि भूमितीच्या कोरड्या आकृत्यांनीही त्याचे समाधान होत नसे. नक्षीच्या तळाशी पक्का सांगाडा हवा, परंतु तो डोळ्यांत भरता कामा नये. पुनरावृत्ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे पाहणाऱ्याला सहजी सापडू नये. प्रत्येक वेल कोठून तरी उगवलेली असावी आणि कोठेतरी पोहोचावी. म्हणूनच त्याच्या पुष्कळ नक्षींत दोन थर दिसतात. मागे बारीक पानांची दाट जाळी आणि पुढे मोठ्या पानाफुलांची लयबद्ध वळणे. याशिवाय तो आवर्जून सांगे की, साहित्याच्या मर्यादा ही अडचण नसून तीच कारागिराची खरी मौज आहे. लाकडाच्या ठशाने जे साधते ते मागावर साधत नाही आणि मागावर जे साधते ते काचेत साधत नाही. जो नक्षीकार हा फरक ओळखत नाही त्याने कागदावर कितीही सुंदर रेखाटले तरी ते फुकट होय.

या हिरव्यागार पानांमागे एक काळी छायाही आहे. त्या काळी हिरव्या रंगासाठी सोमलयुक्त रसायने सर्रास वापरीत. मॉरिसच्या आरंभीच्या कागदांतही ती होती, हे इ.स. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या रासायनिक परीक्षणाने सिद्ध झाले. ज्या खाणीच्या उत्पन्नावर त्याची तरुणपणीची बेफिकिरी उभी होती, त्या खाणीतून तांबे सरत चालल्यावर सोमलाचेच उत्पादन प्रचंड प्रमाणावर होऊ लागले होते, आणि 1871 ते 1875 या काळात मॉरिस त्या कंपनीचा एक संचालक होता. सोमलाच्या भुकटीत वावरणाऱ्या खाणकामगारांविषयी त्या वेळी त्याने काही केल्याचे दिसत नाही. भिंतीच्या कागदांनी माणसे आजारी पडतात ही डॉक्टरांची भीतीही त्याने झटकून टाकली होती. श्रमिकांच्या सुखाचा इतका कळवळा असलेल्या माणसाच्या दृष्टीतून आपल्या घरादाराला पोसणारे हे दुःख निसटावे, ही त्याच्या चरित्रातील सहजी न उलगडणारी गोष्ट आहे.

संसारही सुखाचा राहिला नाही. रेड हाउस पाच वर्षांतच सोडावे लागले. जेनचे मन रोझेटीकडे ओढले गेले होते. मॉरिसला ते ठाऊक होते. इ.स. 1871 मध्ये टेम्सकाठचे केल्मस्कॉट मॅनर हे जुने घर त्याने रोझेटीबरोबरच भागीत भाड्याने घेतले आणि त्या दोघांना तेथे ठेवून तो स्वतः आइसलँडच्या प्रवासास निघून गेला. त्याने पत्नीला दोष दिला नाही. मनुष्य मनुष्याच्या मालकीचा असू शकत नाही, हे त्याचे मत पुढे राजकारणात जितके ठाम दिसते तितकेच ते येथेही दिसते. आइसलँडच्या उजाड, अग्निजन्य भूमीत त्याने गरीब शेतकऱ्यांचा समाज पाहिला. वर्गावर्गांतील विषमतेपुढे दारिद्र्य हे क्षुल्लक दुःख आहे, असा निष्कर्ष घेऊन तो परतला. थोरली मुलगी जेनी पुढे अपस्माराने आजारी झाली आणि तिचे दुःख त्याने अखेरपर्यंत वाहिले. या सर्व काळात त्याची लेखणी थांबली नव्हती. इ.स. 1868 ते 1870 मध्ये प्रकाशित झालेल्या 'द अर्थली पॅरडाइज' या कथाकाव्याने त्याला कवी म्हणून एवढी कीर्ती दिली की, त्याच्या हयातीत बहुतेक लोक त्याला आधी कवी म्हणून आणि मग पडदेवाला म्हणून ओळखत.

इ.स. 1875 मध्ये पेढीची फेररचना होऊन तिची सर्व मालकी मॉरिसकडे आली. जुन्या भागीदारांपैकी काहींशी वितुष्टही आले. आता त्याने कापडाकडे मोर्चा वळविला. पर्किनने 1856 मध्ये डांबरापासून जांभळा रंग तयार केल्यापासून बाजारात रासायनिक रंगांचा सुळसुळाट झाला होता. ते भडक दिसत आणि उन्हात लवकरच विटत. मॉरिसला जुने वनस्पतिजन्य रंग हवे होते, पण ते करण्याची विद्याच इंग्लंडमधून लोप पावत होती. तेव्हा तो लीक या गावी टॉमस वॉर्डल या रंगाऱ्याकडे जाऊन राहिला. जुन्या फ्रेंच व इंग्रजी ग्रंथांतील कृती शोधून काढाव्यात, लाकडी खडावा घालून कुंडापाशी उभे राहावे, लोकर बुडवावी, काढावी, पुन्हा बुडवावी, असा क्रम चाले. लाल रंगासाठी मंजिष्ठेच्या कुळातील मॅडरचे मूळ, पिवळ्यासाठी वेल्ड नावाची वनस्पती आणि पॉप्लरच्या डहाळ्या, तपकिरी रंगासाठी अक्रोडाची साल, आणि निळ्यासाठी नीळ. कोपरापर्यंत निळे झालेले हात घेऊन हा कवी लंडनच्या दिवाणखान्यांतून वावरे.

निळीने त्याला सर्वांत जास्त दमविले. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती कुंडात आंबवून किंवा अन्य उपायांनी विद्राव्य करावी लागते. त्या द्रावातून कापड बाहेर काढले की ते प्रथम पिवळट हिरवे दिसते आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळे होत जाते. आपल्याकडील निळारी व रंगारी ही किमया पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. इंग्लंडमधील या सुशिक्षिताला मात्र ती वर्षानुवर्षे झगडून मिळवावी लागली. लीक येथे ती मनासारखी साधली नाही. इ.स. 1881 मध्ये त्याने लंडनच्या दक्षिणेस वँडल नदीच्या काठी मर्टन ॲबी येथे स्वतःची कर्मशाळा थाटली, तेव्हा कोठे निळीचे कुंड त्याला वश झाले. तेथे सगळे कापड प्रथम निळीत रंगवीत, नंतर ठशाने विरंजक द्रव्य लावून नक्षीपुरता निळा रंग काढून टाकीत किंवा फिका करीत आणि मोकळ्या झालेल्या जागी लाल व पिवळे रंग चढवीत. इ.स. 1883 मधील स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पाखरांचे त्याचे सुप्रसिद्ध कापड याच रीतीने निघाले. केल्मस्कॉटच्या बागेत जाळीखाली शिरून फळे पळविणारी कस्तुरपाखरे त्याने पाहिली होती. ते कापड छापावयास अनेक दिवस लागत, आणि ते पेढीच्या महागड्या कापडांपैकी एक होते. तरीही त्याला गिऱ्हाइकांची कमतरता पडली नाही.

विणकामही तो असाच शिकला. हॅमरस्मिथ येथील घरात आपल्या शयनगृहातच त्याने उभा माग बसविला आणि पहाटे उठून एका जुन्या फ्रेंच पुस्तिकेच्या आधारे चित्रपट विणण्याचा सराव केला. पहिल्या पटावर त्याने इ.स. 1879 मध्ये पाचशेहून अधिक तास खर्च केले व त्यांची रोजच्या रोज नोंद ठेवली. गालिच्यांच्या बाबतीत त्याचे गुरू पूर्वेकडचे होते. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील इराणी व हिंदुस्थानी नमुन्यांचा त्याने कसून अभ्यास केला होता. जगप्रसिद्ध अर्दबील गालिचा 1893 मध्ये त्या संग्रहालयाने विकत घेतला, तो मॉरिसच्या शिफारशीने.

येथे हिंदुस्थानशी असलेल्या त्याच्या संबंधाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. बेळगावात 1832 साली जन्मलेले आणि मुंबईच्या वैद्यकीय सेवेत पुष्कळ वर्षे घालविलेले जॉर्ज बर्डवुड हे हिंदुस्थानी हस्तव्यवसायांचे मोठे पुरस्कर्ते होते. विलायती गिरण्यांच्या मालाने येथील कारागिरीचा जो संहार चालविला होता त्याविरुद्ध त्यांनी आवाज उठविला. इ.स. 1879 मध्ये त्यांना पाठिंबा देणाऱ्या पत्रावर ज्या कलावंतांनी सह्या केल्या त्यांत मॉरिस होता. त्याच वर्षी बर्मिंगहॅम येथील व्याख्यानातही त्याने हा विषय काढला. राज्यकर्ते ज्या देशाला सुधारण्यास गेले त्याच देशाची जिवंत कला आपल्या व्यापारापायी मारून टाकीत आहेत आणि तुरुंगांतून स्वस्त गालिचे विणवून घेऊन खऱ्या विणकरांच्या पोटावर पाय देत आहेत, असा त्याचा आरोप होता. 1857 च्या उठावानंतर रस्किनने हिंदुस्थानी कलेविषयी कठोर व अन्यायाचे उद्गार काढले होते. त्या बाबतीत शिष्य गुरूच्या मागे गेला नाही, ही गोष्ट मॉरिसच्या स्वतंत्र बुद्धीची साक्ष देते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत 1865 पासून अध्यापन करणारे जॉन लॉकवुड किपलिंग हे बर्न-जोन्सच्या पत्नीच्या बहिणीचे यजमान. त्यांचा मुलगा रुडयार्ड लहानपणी मॉरिसला काका म्हणूनच ओळखे. वॉर्डल पुढे 1885-86 मध्ये रेशमाच्या पाहणीसाठी स्वतः हिंदुस्थानात येऊन गेला. मॉरिसचे पाऊल मात्र या भूमीला कधी लागले नाही.

पेढीची भरभराट होत होती आणि मॉरिसचे मन अधिकाधिक अस्वस्थ होत होते. हाताने केलेली, उत्तम रंगाची, टिकाऊ वस्तू स्वस्त असू शकत नाही. म्हणजे ती घेणार कोण? ज्यांच्या राहणीचा त्याला वीट होता तेच. उत्तर इंग्लंडमधील एका लोखंड-सम्राटाचे घर सजवीत असता तो येरझारा घालू लागला आणि यजमानाने विचारले तेव्हा, आपले आयुष्य श्रीमंतांच्या ओंगळ चैनीची चाकरी करण्यात जात असल्याचे त्याने तोंडावर सांगितले, असा प्रसंग नोंदलेला आहे. कला सर्वांसाठी नसेल तर ती नसलेली बरी, अशा टोकाला तो आला. जुन्या इमारती जीर्णोद्धाराच्या नावाखाली तासून कोऱ्या करण्याविरुद्ध त्याने 1877 मध्ये संरक्षक संस्था काढली आणि तिच्याद्वारे तो सार्वजनिक चळवळीत उतरला. इ.स. 1883 मध्ये तो समाजवादी पक्षात सामील झाला. कार्ल मार्क्सचा 'कॅपिटल' हा ग्रंथ त्याने फ्रेंच भाषांतरातून इतक्या वेळा वाचला की, वर्षभरात त्याची पाने सुटी झाली व तो नव्याने बांधून घ्यावा लागला. पन्नाशी गाठलेला हा विख्यात कवी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून भाषणे करू लागला, वृत्तपत्र विकू लागला. 13 नोव्हेंबर 1887 रोजी ट्रॅफल्गार चौकात पोलीस व लष्कर यांनी मोर्चा उधळून लावला, त्या दिवशी तो मोर्चेकऱ्यांत होता. इ.स. 1890 मध्ये त्याने 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' या कादंबरीत आपल्या स्वप्नातील इंग्लंड रंगविले. तेथे पैसा नाही, तुरुंग नाही, आणि काम हेच लोकांचे सुख आहे.

स्वतःच्या कर्मशाळेत मात्र त्याने नफ्याची वाटणी केली ती थोड्या प्रमुख माणसांपुरतीच. विरोधक याबद्दल त्याला टोचत. एका कारखानदाराने आपला नफा वाटून टाकल्याने समाजरचना बदलत नाही, फक्त काही कामगार लहान भांडवलदार होतात, असे त्याचे उत्तर होते. ते तर्काला धरून आहे, परंतु त्याने त्याचेही पूर्ण समाधान झाले नसावे. मर्टन येथील कामगारांना इतर ठिकाणांपेक्षा चांगले वेतन, हवा, उजेड आणि नदीकाठची बाग मिळत होती. परंतु आपल्या नक्षीत फेरफार करण्याची मोकळीक त्यांना क्वचितच होती. रस्किनच्या पाथरवटाचे स्वातंत्र्य मर्टनच्या विणकराला लाभले नाही, हे सत्य मॉरिसच्या चाहत्यांनीही मान्य केले आहे.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात तो ग्रंथाकडे वळला. नोव्हेंबर 1888 मध्ये एमरी वॉकर या त्याच्या शेजाऱ्याने मुद्रणकलेवर व्याख्यान दिले आणि पंधराव्या शतकातील अक्षरे जादूच्या दिव्याने पडद्यावर मोठी करून दाखविली. घरी परतताना नवे टाइप पाडण्याचा मॉरिसचा निश्चय झाला होता. त्या काळची इंग्रजी पुस्तके करड्या शाईत, बारीक रेघांच्या अशक्त अक्षरांत, लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापलेली असत. मॉरिसने 1470 च्या सुमारास व्हेनिसमध्ये छपाई करणाऱ्या निकोलस जेन्सनची अक्षरे छायाचित्रांच्या साहाय्याने मोठी करून घेतली, ती पुनःपुन्हा गिरवून त्यांचे मर्म हाती आणले आणि मग जुनी अक्षरे बाजूला ठेवून स्वतःची रेखाटली. एडवर्ड प्रिन्स या निष्णात कारागिराने त्यांचे पोलादी ठसे कोरले. जानेवारी 1891 मध्ये हॅमरस्मिथ येथे केल्मस्कॉट मुद्रणालय सुरू झाले.

या मुद्रणालयात एकही गोष्ट गृहीत धरलेली नव्हती. कागद केंटमधील जोसेफ बॅचलर यांच्या कारखान्यात पंधराव्या शतकातील इटालियन नमुन्याबरहुकूम, निव्वळ तागी चिंध्यांपासून हाताने तयार होई. शाई जर्मनीतील हॅनोव्हरहून येई. ती इतकी घट्ट असे की, यंत्रावरचे लोक तक्रार करीत. वासराच्या कातड्याची चर्मपत्रे रोमहून मागवावीत तर तेथील सगळा माल पोपच्या दरबारासाठी राखून ठेवलेला! शेवटी ब्रेंटफर्डच्या एका कारागिराकडून ती करवून घ्यावी लागली. पुस्तकाच्या रचनेविषयी मॉरिसचा आग्रह असा की, वाचक एक पान पाहत नाही, समोरासमोरची दोन पाने मिळून एक चित्र पाहतो. म्हणून आतला समास सर्वांत अरुंद, त्याहून वरचा रुंद, त्याहून बाहेरचा आणि तळाचा सर्वांत रुंद ठेवावा. शब्दाशब्दांत व ओळीओळींत मोकळ्या जागांच्या पांढऱ्या नद्या वाहू देऊ नयेत. चित्र आणि मजकूर यांचा काळेपणा सारखा असावा. आज हातातील कोणतेही चांगले छापलेले पुस्तक उघडून पाहावे, या नियमांची छाया त्यावर दिसेल.

या मुद्रणालयाचा मुकुटमणी म्हणजे चॉसरच्या काव्यांची बृहत् आवृत्ती. बर्न-जोन्सची 87 चित्रे, मॉरिसच्या वेलबुट्टीच्या चौकटी व मोठी आद्याक्षरे, कागदावर 425 प्रती आणि चर्मपत्रावर 13. छपाई 1894 मध्ये सुरू झाली व मे 1896 मध्ये संपली. मॉरिस तोवर खंगला होता. पुस्तक आपल्या हयातीत पुरे होईल की नाही याची त्याला धास्ती वाटे. जूनच्या आरंभी पहिल्या प्रती तयार झाल्या. एक त्याच्या हाती आली, एक बर्न-जोन्सच्या. ऑक्सफर्डमध्ये विशीतल्या दोन मुलांनी एकत्र बसून वाचलेला हा कवी चाळीस वर्षांनी त्यांनी अशा रूपात परत केला होता. साध्या प्रतीची किंमत वीस पौंड होती. सामान्य मजुराला ती डोळ्यांनी पाहावयास मिळणेही कठीण.

3 ऑक्टोबर 1896 रोजी हॅमरस्मिथ येथे वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. दहा माणसांचे काम एकट्याने केले हेच त्याचे दुखणे, असे निदान एका वैद्याने केले. वादळी पावसात त्याची शवपेटी केल्मस्कॉटला नेली. पिवळ्या अंगाच्या व तांबड्या चाकांच्या शेतगाडीला विलोच्या डहाळ्या बांधून तीतून ती चर्चपर्यंत गेली. थडग्याचा साधा दगड वेबने आखला. धाकटी मुलगी मे हिने 1910 ते 1915 या काळात पित्याचे समग्र लेखन चोवीस खंडांत संपादून प्रसिद्ध केले. ती स्वतः उत्तम भरतकाम करणारी होती, आणि पेढीच्या भरतकाम विभागाची सूत्रे तिने तरुणपणीच हाती घेतली होती.

मॉरिसचा ग्रंथसंग्रह अपूर्व होता. आरंभकाळातील मुद्रित ग्रंथ व मध्ययुगीन सचित्र हस्तलिखिते त्याने अखेरच्या वर्षांत मोठ्या हौसेने जमविली होती. ती त्याच्या देशात एकत्र राहिली नाहीत. मँचेस्टरच्या एका धनिकाने संग्रह विकत घेतला, त्यातील बराच भाग 1898 मध्ये लिलावात निघाला आणि उरलेला 1902 मध्ये अमेरिकन कोट्यधीश जे. पी. मॉर्गन यांच्याकडे गेला. मुद्रणालयाचे कामही 1898 मध्ये थांबले. परंतु ज्या हातयंत्रावर चॉसर छापला गेला ते सी. आर. ॲशबी यांनी आपल्या कारागीर-संघासाठी घेतले. त्यांच्याकडून ते आनंद कुमारस्वामी यांच्याकडे आले. सिलोनच्या तमिळ पित्याच्या व इंग्रज मातेच्या पोटी जन्मलेल्या या तरुण भूगर्भशास्त्रज्ञाने मॉरिसच्या लेखनाचा ध्यास घेतला होता. ग्लॉस्टरशायरमधील ब्रॉड कॅम्पडन या खेड्यात राहून त्याने त्याच यंत्रावर सिलोनच्या मध्ययुगीन कारागिरांविषयीचा आपला ग्रंथ 1908 मध्ये छापून पुरा केला. त्यात सिलोनचे सुतार, सोनार, विणकर, हस्तिदंतावर कोरणारे आणि रंगारी यांच्या कामाची बारकाईने नोंद आहे.